समाचाराला जाताना: भजनी मंडळात नव्याने आलेल्यांसाठी

आमच्या मंडळात दरवर्षी आषाढीनंतर तीन-चार नवे चेहरे येतात. हरिपाठ पाठ असतो, आवाज बरे असतात, महिन्याभरात टाळही धरता येतो. मग एक दिवस कुणाच्या तरी घरून निरोप येतो, ‘आमचे बाबा गेले. संध्याकाळी थोडं नामस्मरण कराल का?’ आणि या नव्या मंडळींचा चेहरा उतरतो. तिथे बोलायचं काय? बसायचं कुठे? आपल्यालाच रडू फुटलं तर? हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. मंडळात नसलेल्या, पण शेजारधर्म म्हणून जाणाऱ्यांनाही चालेल.

आधी माझा मूर्खपणा सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीतला मुलगा नवले पुलाच्या उतारावर अपघातात गेला. पाचव्या दिवशी आम्ही गेलो. आई भिंतीला टेकून बसलेली, मांडीत त्याची उशी. मला वाटलं, आपल्याला गीता येते, धीर द्यावा. दुसऱ्या अध्यायातला ‘वासांसि जीर्णानि’ म्हटला आणि वर अर्थही सांगितला, की माणूस जुनं वस्त्र टाकून नवं घेतो तसा आत्मा देह बदलतो. त्या ओरडल्या नाहीत. मान वर करून म्हणाल्या, ‘जीर्ण कुठे झालं होतं हो? गेल्या महिन्यात तर तेवीस पूर्ण झाली त्याला.’

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. श्लोकाचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. मी माझी श्रद्धा घेऊन त्या घरात शिरले आणि त्यांची श्रद्धा त्या दिवशी कुठे, कोणत्या अवस्थेत आहे हे पाहिलंच नाही. पुढे जे सांगतेय ते बहुतेक त्या उशीकडे बघत शिकलेलं आहे.

पायरी १. आधी फोन, पण तिसऱ्याच माणसाला

ज्यांच्याकडे गेलंय त्यांना फोन करू नका. प्रत्येक घरात अशा वेळी एक भाचा, जावई किंवा शेजारी असतो, ज्याच्या हातात सगळ्यांचे फोन असतात. त्याला गाठा आणि तीन गोष्टी विचारा. तुमच्याकडे काय पाळतात? भजन-नामस्मरण घरातल्यांना हवंय, की कुणा नातेवाइकाने परस्पर ठरवलंय? आणि लहान मुलं घरात आहेत का?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. एकदा आत्याबाईंनी आम्हाला बोलावलं आणि मुलगा दारातच म्हणाला, ‘आईचा यावर विश्वास नव्हता, काकू.’ आम्ही टाळ पिशवीतच ठेवले, पाणी प्यायलो, अर्धा तास त्याच्या आईबद्दल ऐकलं आणि निघालो. ती भेट वाया गेली असं मला आजही वाटत नाही.

व्हॉट्सअॅपवर हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळं होऊ नका. पाठवायचंच असेल तर गेलेल्या माणसाचं नाव घालून स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहा.

पायरी २. पहिल्या दिवशी देवाचं नाव मनात, हात कामात

मृत्यूच्या दिवशीच पोहोचलात तर भजनाचा विषयही काढू नका. त्या दिवशी घराला माणसं हवी असतात. काय काय लागतं ते माहीत असलं की तुमचा उपयोग होतो.

घरी मृत्यू झाला असेल तर आधी डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो, तोही शक्यतो नेहमी तपासणाऱ्या डॉक्टरांकडून. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन आलंच, तिथे घाई करून उपयोग नसतो आणि घरच्यांनाही ते नीट सांगावं लागतं. मग महापालिकेचा अंत्यविधीचा पास, शववाहिनी, मर्तिकाचं सामान. पेठांतली आणि आसपासची बरीचशी माणसं नव्या पेठेतल्या वैकुंठ स्मशानभूमीत नेतात. तिथे लाकडांवर करायचं की विद्युतदाहिनीत, हे निघण्यापूर्वी ठरलेलं बरं. त्यावरून स्मशानात दोन भाऊ भांडताना मी ऐकले आहेत. गेलेल्या माणसाच्या आणि अर्ज करणाऱ्याच्या आधार कार्डाच्या प्रती काढून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दाखल्याच्या प्रती मागताना एक-दोन मागू नका, आठ-दहा घ्या. बँक, विमा, पेन्शन, फ्लॅट, सगळीकडे लागतात.

गेलेल्या माणसाने नेत्रदानाची इच्छा बोलून दाखवली असेल तर ती आठवण त्या गडबडीत कुणीतरी करून द्यावी लागते, कारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक पोहोचायला हवेत. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यावर ओला कापूस आणि डोक्याखाली उशी. निर्णय मात्र घरच्यांचाच. ‘दानासारखं पुण्य नाही’ वगैरे म्हणून आपण जोर करायचा नाही.

आणि जेवण. बऱ्याच घरांत त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, गावाकडच्या घरांत भावकी पिठलं-भाकरी आणते, त्याला कडू घास म्हणतात. तुम्ही चहाचा थर्मास आणि कागदी कप नेलेत तरी पुष्कळ. मधुमेहाची गोळी कुणाची राहिलीय का, तेही बघा. नवरा गेलेल्या एका आजींना रात्री साडेनऊपर्यंत कुणी खाल्लं का विचारलं नव्हतं. हॉलमध्ये तीस माणसं होती.

पायरी ३. भेटीची वेळ आणि दारातलं वागणं

दुपारी एक ते चार जाऊ नका. यावर पुण्याला खूप हसून झालंय, पण दुःखाच्या घरात ही वेळ खरोखरच पाळायची असते. रात्रभर न झोपलेली माणसं तेव्हाच जरा आडवी होतात. सकाळी अकराच्या पुढे किंवा संध्याकाळी पाच ते सात बरं. काही घरांत वारही बघतात, तेही त्या भाच्याला विचारून घ्या.

साधे कपडे घाला, अत्तर नको. फुलांचा गुच्छ नेऊ नका. दार बहुधा उघडंच असतं, बेल वाजवू नका. सुतक पाळणाऱ्या घरांत दहा दिवस नमस्कार, पाया पडणं करत नाहीत, म्हणून सवयीने वाकू नका. कोपऱ्यात पणती तेवत असेल, शेजारी पिठाचा थर असेल, तर पाय जपून टाका. निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही. एरवी आपण ‘जातो’ म्हणायला कचरतो, इथे नेमकं उलट. मी मान हलवून उठते, नाहीतर ‘निघते’ म्हणते.

पायरी ४. बसणं

ही पायरी शिकवून येत नाही, तरी सांगते.

जवळ जाऊन खाली बसा. ती व्यक्ती खुर्चीवर असेल तर खुर्चीवर. पहिली पाच-दहा मिनिटं काही बोलू नका. नव्या माणसाला ही शांतता भयंकर वाटते आणि ती भरायला तो तोंड उघडतो. तिथेच घोळ होतो, कारण तोंडातून नेमकं तेच येतं जे सगळे म्हणतात: ‘काय झालं, कसं झालं?’ ती गोष्ट त्या घराने त्या दिवशी चाळीस वेळा सांगितलेली असते. ‘रात्री जेवले, मग छातीत दुखायला लागलं...’ आपण एक्केचाळीसाव्यांदा वदवून घेऊ नये. घरच्यांना सांगायची असेल तर ते आपणहून सांगतील. तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐका.

विचारायचंच असेल तर त्या माणसाबद्दल विचारा, नाव घेऊन. ‘अण्णा पहाटे पर्वतीला जायचे ना?’ एवढ्यावर एक विधवा बाई चक्क हसल्या होत्या. म्हणाल्या, ‘चढायचे कुठले, खाली चहाच्या टपरीवर बसायचे.’ भोवतालच्या बायकांना ते हसणं फार रुचलं नाही. मला रुचलं.

आता जे बोलायचं नाही ते. ‘सुटले बिचारे’ हे घरच्यांनी म्हणावं, आपण नाही. ‘चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात’ हे लहान मुलांसमोर तर मुळीच नाही. एका सात वर्षांच्या मुलीने त्यानंतर चांगलं वागायचंच बंद केलं होतं. ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे तर ऐकणाऱ्याच्या गालावर मारल्यासारखं आहे. ‘तुम्हीच असं केलंत तर मुलांनी कुणाकडे बघायचं’ यात धीर कमी, ओझं जास्त.

‘रडू नका, आत्म्याला त्रास होतो’ हे वाक्य श्रद्धेच्या नावावर सर्रास खपतं. त्यावर मी एकच सांगते. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली तेव्हा नामदेव महाराज तिथे होते. विठ्ठल ज्यांच्याशी बोलायचा अशी ज्यांची ख्याती, ते नामदेव त्या प्रसंगाच्या अभंगांत ढसाढसा रडले आहेत. ‘नामा म्हणे आता लोपला दिनकर। बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ॥’ त्यांना कुणी गप्प बसवलं नाही. आपण बायाबापड्यांना का बसवायचं?

आणि तुम्हाला स्वतःला रडू आलं तर येऊ द्या. फक्त घरच्यांना तुम्हाला सावरावं लागेल इतकं नको. तसं वाटलं तर उठून स्वयंपाकघरात जा, भांडी घासायला असतातच.

पायरी ५. म्हणायचं काय

पिकलं पान गळालं असेल, घर वारकरी असेल, तर हरिपाठ उत्तम. घरातल्यांनाही येतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या अभंगापासून त्यांचाही आवाज मिसळतो आणि ते गायला लागले की आपण हळूच आवाज कमी करायचा. पेठेतल्या घरांत विष्णुसहस्रनाम किंवा गीतेचा पंधरावा अध्याय सांगतात. तो २० श्लोकांचा, सावकाश म्हटला तरी दहा मिनिटं पुरतात.

तरुण माणूस, मूल, बाळंतीण, किंवा स्वतःहून जीव दिलेला माणूस असेल तर फक्त नाम. ‘रामकृष्णहरी’, खालच्या पट्टीत, वीस मिनिटं. अर्थ, निरूपण, दृष्टान्त काही नको. मनाच्या श्लोकांतला ‘मरे एक त्याचा दुजा शोक वाहे, अकस्मात तोही पुढे जात आहे’ हा खरा आहे, म्हणूनच तिथे नको. पोरगं गेलेल्या बापाला ‘तूही जाणारच आहेस’ हे आपण का ऐकवायचं? शिवाय त्या आठवड्यात त्याला मरण नकोसं वाटेलच असं नाही, ही आणखी मोठी भीती.

गरुडपुराणाचं वाचन काही घरांत दहा दिवस लावतात. त्यातल्या नरकाच्या वर्णनांबद्दल घरच्या मोठ्यांशी आधी बोलून घ्या. मुलं तेवढ्या वेळ शेजारी खेळायला गेलेली बरी.

वाद्यांचं विचारून ठरवा. टाळ बहुतेक चालतात, हळू. माइक कधीही नको. अर्धा तास झाला की थांबा, चांगलं रंगलं असलं तरी. खरं तर रंगलं म्हणजेच थांबायची वेळ झाली, कारण तेव्हा आपण आपल्यासाठी गायला लागलेलो असतो. सुतकात आरती नाही, प्रसाद नाही. नवी मंडळी हे हमखास विसरतात. आमच्याकडच्या एकीने सवयीने खडीसाखरेची डबी उघडली होती, तिला कोपराने ढोसावं लागलं. दक्षिणा, पाकीट काही घ्यायचं नाही.

पायरी ६. दहावा, आणि तो कावळा

दशक्रिया पुण्यात बरेच जण ओंकारेश्वराजवळ मुठेच्या काठी करतात, काही आळंदीला इंद्रायणीवर. हवेली, मुळशी, मावळच्या गावांत त्या दिवशी सकाळी महाराजांचं प्रवचन असतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं, माजी-आजी सगळे पदाधिकारी. तुम्हाला बोलायला उभं केलं तर दोन मिनिटं बोला, गेलेल्याबद्दल बोला आणि बसा. उन्हात माणसं ताटकळलेली असतात.

पण दहाव्याला आपली खरी गरज पिंड ठेवल्यानंतर लागते. कावळा शिवायची वाट बघतात ना, तेव्हा. लगेच शिवला तर सगळे सुटकेचा श्वास टाकतात. नाही शिवला, की कुजबुज सुरू होते. ‘काहीतरी इच्छा राहिलीय.’ एकेक जण पुढे होऊन हात जोडतो, ‘मुलीचं लग्न आम्ही करू’, ‘जमिनीचं बघून घेऊ’. यातलं काही फार हृद्य असतं. पण मी असंही पाहिलंय, की पाऊण तास कावळा आला नाही आणि एका चुलत सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘सुनेने शेवटी बघितलं नाही नीट, दुसरं काय.’ ती सून दोन वर्षं त्या म्हाताऱ्यांचे डायपर बदलत होती. ती नुसती पिंडाकडे बघत राहिली.

अशा वेळी वाद घालायचा नाही, कावळ्यांच्या सवयींवर व्याख्यानही द्यायचं नाही. ज्याच्याकडे बोट जातंय त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, खांद्याला खांदा लागेल इतकं जवळ. मी त्या सुनेचा हात धरला आणि गुरुजींना म्हटलं, ‘गुरुजी, ऊन चढलंय.’ ते समजले. कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय परंपरेनेच ठेवलेली आहे. त्यांनी ती केली आणि विधी पुढे सरकला. हे तुम्हाला माहीत असलं म्हणजे पुष्कळ. परंपरेत जिथे दार आहे तिथे भिंत असल्याची समजूत करून घेऊन माणसं डोकं आपटत असतात.

तसंच पंचकाचं, म्हणजे अशुभ मानलेल्या पाच नक्षत्रांच्या काळाचं. ‘पंचकात गेले, आता घरात आणखी...’ असं कुणी बोलू लागलं तर तुम्ही त्यात भर घालू नका. काय शांत करायची ते घरचे गुरुजी बघतील. आपल्या ओळखीचे ज्योतिषी, आपले महाराज, आपला संप्रदाय, यांचा फोन नंबर त्या तेरा दिवसांत कुणाच्याही हातात ठेवायचा नाही. त्या दिवसांत माणूस कशालाही हो म्हणतो, म्हणूनच.

पायरी ७. घर आपल्या वाटेचं नसेल तर

पुण्यात एकाच जिन्यात चार वाटा असतात. थोडक्यात सांगते.

बौद्ध घरी पिंड-श्राद्ध नसतं. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतच ते आहे. तिथे त्रिशरण-पंचशील, वंदना आणि मग जलदान विधी, पुण्यानुमोदन होतं. पांढरे कपडे घाला, मागे बसा. ‘कावळा शिवला का’ असं विचारणारी एक बाई आमच्यातच निघाली होती, अजून लाज वाटते. ख्रिस्ती घरी प्रार्थनेला बसता येतं, उपासनासंगीतातली गीतं मराठीच असतात, आणि तेविसावं स्तोत्र, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, दोनदा ऐकलं की पाठ होतं. मुसलमान शेजाऱ्यांकडे तीन दिवस शोक असतो, तेव्हा जेवण पोचवणं हे त्यांच्याकडेही पुण्याचंच मानतात. नवरा गेलेल्या बाईची इद्दत, म्हणजे घरात राहून पाळायचा शोककाळ, चार महिने दहा दिवसांची, तेवढ्या काळात तिला बाहेरची कामं पडली तर बायकांनी विचारपूस करावी. तिथे आपला श्लोक म्हणायचा नाही आणि त्यांची दुआ उसनी आणून चुकीच्या उच्चारात म्हणायचीही नाही. गप्प बसलेलं चालतं.

आणि काहीच न मानणारी घरं. देहदान केलं, विधी नाहीत, फोटोला हारही नाही. अशा घरी विश्वास नाही म्हणून दुःख हलकं असतं असं समजू नका. तिथे डबा घेऊन जा.

पायरी ८. तेराव्यानंतर

गोडाचं जेवण होतं, दुखवट्याचे कपडे दिले-घेतले जातात, पाहुणे स्वारगेटला पोचवले जातात आणि चौदाव्या दिवशी घर रिकामं होतं. मंडळाचं काम माझ्या मते त्या दिवशी सुरू होतं. वहीत तारीख आणि तिथी दोन्ही लिहून ठेवा, कारण काही घरं वर्षश्राद्ध तिथीने करतात आणि आईच्या मनात मात्र तारीखच असते. विसाव्या दिवशी एक फेरी मारा. बँकेत जायला सोबत लागते, गॅसचं कनेक्शन नावावर करायचं असतं, त्यांचा मोबाइल बंद करायचा की नाही यावर घरात अबोला असतो. पहिले गणपती, पहिली दिवाळी, पितृपंधरवडा, या दिवसांत आधी दोन दिवस फोन करा.

कुणी सारखं ‘मलाही घेऊन जा रे देवा’ म्हणत असेल, जेवण-झोप कित्येक आठवडे गेली असेल, औषधं साठवून ठेवलेली दिसली, तर ते भक्तीत धरू नका. घरच्यांना बाजूला घेऊन सांगा आणि डॉक्टरांकडे न्या. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. नामस्मरण चालू राहू द्या, गोळीही चालू राहू द्या.

त्या उशीवाल्या वहिनींना मी दरवर्षी त्याच्या तारखेला फोन करते. गीता नाही, अभंग नाही. ‘आज आठवण आली’ एवढंच म्हणते. पुढचं त्या बोलतात. मागच्या वेळी सव्वा तास बोलल्या. त्यातला पाऊण तास तो आमटीत गूळ जास्त झाला म्हणून कसा भांडायचा यावर होता, आणि मधेच कुकरची शिट्टी झाली तेव्हा म्हणाल्या, ‘थांबा हं, ठेवू नका, गॅस बारीक करून आले.’